लसावि उभ्या मांडणीने शिकवण्याआधी मुलांकडून पाढे लिहून घ्यावेत का?

मानसी नौपाडा

लसावि (लघुतम साधारण विभाज्य, म्हणजे दोन्ही संख्यांच्या पाढ्यांत येणारी सर्वांत लहान संख्या) काढता येणं वेगळं आणि साधारण विभाज्य म्हणजे काय हे उमगणं वेगळं. आपण मुलांना पहिलं शिकवतो आणि दुसरं सोडून देतो, असं माझं आता स्पष्ट मत झालंय.

माझी लेक सहावीत आहे. १२ आणि १८ चा लसावि विचारला की लगेच उभी मांडणी. २ ने भाग, ३ ने भाग, खाली उरले २ आणि ३, सगळ्यांचा गुणाकार ३६. हात कुठे थांबत नाही. मग मी विचारलं, "१२ नेही भाग जाईल आणि १८ नेही जाईल अशी अजून एक संख्या सांग." गप्प. ३६ पेक्षा मोठी असली तरी चालेल म्हटलं, तर पुन्हा मांडणी करायला बसली. ७२ सुचलाच नाही! कारण ३६ हा तिच्या लेखी मांडणीतून पडलेला आकडा आहे. १२ च्या पाढ्यातला तिसरा आणि १८ च्या पाढ्यातला दुसरा म्हणून तिने त्याच्याकडे कधी पाहिलेलंच नाही.

माझं म्हणणं असं, की आधी भरपूर दिवस नुसते पाढे समोरासमोर लिहू द्यावेत. सारख्या आलेल्या संख्यांना गोल करू द्यावेत. त्या गोलांमधली अंतरं सारखी आहेत हे मुलांनी स्वतः ओळखावं. मांडणी त्यानंतर.

तुम्ही घरी कसं शिकवलंत? आणि ठाणे-नवी मुंबईतल्या मुलांच्या रोजच्या बघण्यातली उदाहरणं असतील तर जरूर द्या.

निखिल ऐरोली

जागा धरून ठेवतो. माझा पाचवीत आहे, पुढच्या वर्षी हेच वाढून ठेवलंय.

उमाताई कोपरी

मानसी, अगदी मनातलं लिहिलंस. मी बरीच वर्षं पाचवी-सहावीला गणित शिकवलंय. गोल करण्याची पद्धत मी नेहमी वापरायचे. फळ्यावर वरच्या ओळीत ४, ८, १२, १६, २०, २४... आणि खाली ६, १२, १८, २४, ३०, ३६... गोल पडतात १२, २४, ३६ वर. मग मुलांना विचारायचं, पुढचा गोल कुठे? निम्मा वर्ग न लिहिता ४८ म्हणतो. तिथे खरा धडा होतो: सगळे साधारण विभाज्य हे सर्वांत लहान साधारण विभाज्याच्याच पाढ्यात असतात. एवढं पोरांच्या लक्षात आलं की ७२ विचारावा लागत नाही.

दुसरी एक सोय सांगते. दोन्ही पाढे लिहायची गरज नसते. मोठ्या संख्येचाच पाढा म्हणायचा आणि दर वेळी लहान संख्येने भाग जातो का ते बघायचं. १५ आणि २४ घ्या. २४ ला १५ ने भाग जात नाही, ४८ नाही, ७२ नाही, ९६ नाही, १२० ला जातो. झालं. तोंडी होतं, वही लागत नाही.

आणि हमखास येणारा एक प्रश्न: "बाई, शून्य का नाही घ्यायचा?" शून्याला प्रत्येक संख्येने भाग जातो, म्हणजे तो सगळ्यांचाच विभाज्य आहे. असा प्रश्न विचारणाऱ्या मुलाला मी कायम शाबासकी द्यायचे. शून्य धरला तर कुठल्याही दोन संख्यांचा सर्वांत लहान साधारण विभाज्य शून्यच येईल आणि त्याचा कुणाला काही उपयोग होणार नाही. म्हणून तो सोडून पुढचा घ्यायचा. उलट बाजूने मुलांना विचारून बघा, सर्वांत मोठा साधारण विभाज्य कोणता? पाढे संपतच नाहीत, तर तो सापडणार कुठून! हे कळल्यावर मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

केदार कोपरखैरणे

मी थोडा विरोधात आहे. १२ आणि १८ ला पाढे ठीक. ३९१ आणि ४९३ ला काय करणार? पाढा लिहीत बसलात तर पहिला गोल ११,३३९ वर पडतो. वही संपेल.

इथे उभी मांडणीही अडते, कारण ३९१ ला कशाने भाग जातो हे चटकन दिसत नाही. इथे सरळ मसावि काढावा, म्हणजे दोन्हींना जिने पूर्ण भाग जातो अशी सर्वांत मोठी संख्या. मोठ्याला लहानाने भागा, बाकीने पुन्हा लहानाला भागा, असं बाकी शून्य येईपर्यंत. ४९३ ला ३९१ ने भागलं, बाकी १०२. ३९१ ला १०२ ने, बाकी ८५. १०२ ला ८५ ने, बाकी १७. ८५ ला १७ ने पूर्ण भाग. मसावि १७. आता ३९१ भागिले १७ म्हणजे २३, गुणिले ४९३. उत्तर ११,३३९. पाच भागाकार आणि एक गुणाकार.

रीत हातात असली की पोरगं परीक्षेत अडत नाही. समज मागाहून येते. आम्हालाही तशीच आली.

मानसी नौपाडा

केदार, ही रीत सुंदरच आहे, आणि मीही ती तिला शिकवणार आहे. पण ४९३ चं उदाहरण सहावीच्या मुलासमोर पहिल्या दिवशी येत नाही. पहिल्या दिवशी ४ आणि ६ येतात. त्या दिवशी काय करायचं, एवढाच माझा प्रश्न आहे. आणि समज मागाहून येते म्हणतोस, ती सगळ्यांना येत नाही. माझ्या ऑफिसात हुशार, शिकलेली माणसं आहेत, ज्यांना मसावि-लसावि हे शाळेत पाठ केलेलं काहीतरी एवढंच आठवतं.

तुर्भे सातवीस

उदाहरण मागितलंय म्हणून देतो. ट्रान्सहार्बर लोकलने रोजचा प्रवास आहे माझा. आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत, कुणी वेळापत्रक काढून बसू नका.

समजा ठाण्याहून वाशीची गाडी दर ८ मिनिटांनी आणि पनवेलची दर १२ मिनिटांनी सुटते. दोन्ही ८:०० ला एकदम सुटल्या. पुन्हा एकदम कधी? ८:२४. इथपर्यंत पुस्तकातलंच गणित आहे.

आता पनवेलची पहिली गाडी ८:०२ ला सोडा. पुढच्या ८:१४, ८:२६, ८:३८. वाशीच्या ८:००, ८:०८, ८:१६, ८:२४, ८:३२. कधी एकत्र येतील? कधीच नाही! दिवसभर पळवा, नाही येणार. कारण ८ आणि १२ दोन्ही ४ च्या पाढ्यातले. वाशीच्या गाडीची मिनिटं कायम ४ च्या पाढ्यात, पनवेलच्या गाडीला ४ ने भागलं की कायम २ उरणार. आता पनवेलची ८:०४ ला सोडा. ८:१६ ला दोन्ही एकत्र.

भाच्याला हे कागदावर करायला दिलं. त्याने ८:०१, ८:०२, ८:०३, ८:०४ सगळे करून बघितले आणि स्वतःच म्हणाला, "मामा, चाराचा फरक असेल तरच." मसावि कशाला लागतो ते त्याला तिथे कळलं.

केदार कोपरखैरणे

वा! हे आवडलं. म्हणजे ८ आणि ९ मिनिटांच्या गाड्या असतील तर कितीही पुढेमागे सोडा, ७२ मिनिटांच्या आत एकदा तरी गाठ पडणारच, कारण मसावि १.

तुर्भे सातवीस

बरोब्बर.

चैत्राली

मग माझंही घ्या. तलावपाळीला दोघी मैत्रिणी फेऱ्या मारतात. एकीला मासुंदा तलावाच्या एका फेरीला १२ मिनिटं लागतात, दुसरीला २०. दोघी एकाच ठिकाणाहून, एकाच दिशेने निघाल्या. परत कधी भेटतील? सगळी मुलं ६० म्हणतात. पण ३० मिनिटांनी काय होतं बघा. पहिलीच्या अडीच फेऱ्या झाल्या, दुसरीच्या दीड. दोघी तलावाच्या बरोबर समोरच्या बाजूला एकमेकींच्या शेजारी! म्हणजे भेट ३० मिनिटांनीच झाली. ६० मिनिटांनी होते ती *सुरुवातीच्या जागी* भेट.

उलट्या दिशेने चालल्या तर साडेसात मिनिटांतच समोरासमोर. तेव्हा प्रश्नात "निघाल्या त्याच ठिकाणी" हे शब्द आहेत का ते मुलांना बघायला शिकवा. कितीतरी गाइडांत हे शब्द गाळलेले असतात आणि उत्तर मात्र लसाविचं दिलेलं असतं.

निखिल ऐरोली

आता रविवारी पोराला घेऊन तलावपाळीला. फेऱ्या तो मारेल, मी भेळेपाशी उभं राहून मोजेन.

उमाताई कोपरी

चैत्राली, हा बारकावा फार मोलाचा आहे. लसावि पूर्ण फेऱ्यांची गाठ सांगतो. अर्ध्यामुर्ध्या फेरीतली गाठ त्याच्या कक्षेत येत नाही.

तिहाई

तबला शिकवतो, राहायला वर्तकनगरला. आमच्या शिष्यांना शाळेत हे प्रकरण येतं तेव्हा ते हसतात, कारण त्यांचं आधीच झालेलं असतं.

तीनताल १६ मात्रांचा. त्यावर दहा मात्रांचा तुकडा सलग वाजवत राहा. दुसऱ्यांदा तो ११ व्या मात्रेवर सुरू होईल, तिसऱ्यांदा पुढच्या आवर्तनाच्या ५ व्या, असा सरकत जाईल. समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, पुन्हा कधी? ८० मात्रांनी. तुकडा ८ वेळा झाला, तालाची ५ आवर्तनं झाली. सात मात्रांचा घेतलात तर ११२ मात्रा लागतात, बारा मात्रांचा घेतलात तर ४८ मध्येच गाठ पडते. सातात आणि सोळात साधारण विभाजक १ सोडून काही नाही, म्हणून सात सर्वांत जास्त फिरवतो. ऐकणाऱ्याला जो अधांतरी राहिल्याचा भास होतो तो यातूनच.

तिहाईचं गणित त्याहून गोड. एकच तुकडा तीनदा, आणि शेवटचा धा समेवर पडला पाहिजे. समेपासून उचलली आणि पुढच्या समेवर आणायची तर दोन्ही समा धरून १७ मात्रा. १७ ला ३ ने भाग जात नाही. म्हणून पाच मात्रांचा तुकडा तीनदा आणि मध्ये एक-एक मात्रेचा दम: १५ अधिक २, सतरा. बेदम हवी असेल, म्हणजे मध्ये अजिबात थांबायचं नसेल, तर एका आवर्तनात पूर्ण मात्रांचा तुकडा बसतच नाही. दोन आवर्तनं घ्या. ३३ मात्रा, ३ ने भाग जातो, अकरा मात्रांचा तुकडा. पोरं बोटांवर मोजत हे शोधून काढतात. १६ च्या पाढ्यात एक मिळवून ३ च्या पाढ्याला कधी मिळतं तेवढंच शोधायचं असतं.

मानसीताई, तुमच्या मुलीला माझ्याकडे धाडा असं म्हणत नाही, पण टाळ्या वाजवून हे करून बघा. तुम्ही चारा-चाराच्या टाळ्या द्या, तिला सहा-सहाच्या द्यायला सांगा. बाराव्या मोजणीनंतर दोघींची टाळी एकदम पडेल.

मानसी नौपाडा

टाळ्यांचं करून बघितलं. चार आणि सहा लगेच जमलं. मग तिनेच चार आणि पाच घेऊया म्हटलं, मग पाच आणि सात. पाच-सातला ३५ पर्यंत मोजताना दोघींची भंबेरी उडाली आणि घरात हशा. पण त्यानंतर तिने जे विचारलं ते ऐका: "आई, ४ आणि ६ चा २४ का नाही, १२ च का? ५ आणि ७ चा मात्र सरळ गुणाकार." हा प्रश्न तिला उभ्या मांडणीने कधीच पडला नसता. तिहाई, मनापासून आभार.

रोहिणी ज

तिला काय सांगितलंस पुढे?

मानसी नौपाडा

सांगितलं नाही, अजून जोड्या करायला लावल्या. ६ आणि ८, ६ आणि ९, ८ आणि ९, १० आणि १५. कुठे सरळ गुणाकार येतो आणि कुठे लवकर गाठ पडते ते तक्त्यात लिहितेय.

वागळे गिअर

कारखान्यात गिअर कापतो. आमच्याकडे हे रोजचं काम आहे.

२० दातांचा पिनिअन आणि ४० दातांचं मोठं गिअर. पिनिअनचा एक दात मोठ्या गिअरच्या फक्त दोनच दातांना भेटतो, आयुष्यभर तेच दोन. पिनिअनच्या एखाद्या दातावर खरड असेल तर ती त्या दोन दातांनाच खात राहणार. आता मोठ्याला ४१ दात द्या. लसावि ८२०. पिनिअनचे ४१ फेरे झाल्यावर पहिली जोडी पुन्हा समोरासमोर येते, आणि तोवर प्रत्येक दात समोरच्या प्रत्येक दाताला भेटून झालेला असतो. झीज सगळीकडे सारखी होते. याला आमच्यात हंटिंग टूथ म्हणतात. गुणोत्तर अगदी २ च हवं असेल तर हे करता येत नाही, पण जिथे थोडं इकडेतिकडे चालतं तिथे जाणकार डिझाइनर मुद्दाम असे दात निवडतो.

वीस आणि पन्नास घेतलेत तर लसावि १००, एका दाताला समोरचे पाच. मुलांना पुठ्ठ्याची दोन चक्रं कापून द्या, ८ आणि १२ दातांची, एका दातावर लाल खूण करा. बघा किती वेळ खेळतात.

चैत्राली

गिअरवरून आठवलं, किड्यांनाही हे जमलंय! अमेरिकेत सिकाडा नावाचे किडे आहेत. काही जाती १३ वर्षं जमिनीखाली राहून बाहेर येतात, काही १७ वर्षं. १३ आणि १७ दोन्ही मूळ संख्या, लसावि २२१. २०२४ साली १३ वर्षांचा एक मोठा थवा आणि १७ वर्षांचा एक थवा एकाच उन्हाळ्यात वर आले. त्या दोघांची आधीची गाठ १८०३ सालची. हीच चक्रं १२ आणि १८ वर्षांची असती तर दर ३६ वर्षांनी गर्दी झाली असती.

दत्तूकाका पाचपाखाडी

छान चाललंय, तरुण मंडळी. आमच्या लहानपणचं सांगतो.

रुपयाचे आणे १६, आण्याचे पैसे ४, म्हणजे रुपयाचे पैसे ६४. आण्याच्या पै १२, म्हणजे रुपयाच्या पै १९२. लोकांना वाटतं काय हे विचित्र आकडे. पण १९२ ला २, ३, ४, ६, ८, १२, १६ सगळ्यांनी भाग जातो. तिघा भावांत रुपया वाटायचा तर प्रत्येकी ६४ पै, म्हणजे पाच आणे चार पै, हिशेब चोख. १ एप्रिल १९५७ ला नये पैसे आले, रुपयाचे १००. आता तिघांत वाटायचा तर एक पैसा उरतोच.

आणि जुन्या-नव्याचा मेळ बघा. एक आणा म्हणजे सव्वासहा नये पैसे. दुकानदारही कातावायचा आणि गिऱ्हाईकही. चार आण्यांना मात्र बरोबर २५, आठ आण्यांना ५०, बारा आण्यांना ७५. चाराच्या पाढ्यावरच काय तो पूर्ण आकड्यात हिशेब जुळायचा, मधल्या सगळ्या जागी अपूर्णांक. म्हणून पुढे नाणी दशमान झाली तरी माणसं चाराणे-आठाणेच म्हणत राहिली.

आम्हाला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी सगळं पाठ. त्याचा कंटाळा यायचा हेही खरं, पण पाढे डोक्यात असले की गाठी आपोआप दिसतात. मानसीबाई, तुमची बाजू बरोबर आहे.

केदार कोपरखैरणे

काका, पाढे पाठ असावेत याला माझाही पाठिंबा आहे. माझा मुद्दा फक्त मोठ्या संख्यांचा होता.

रोहिणी ज

पंचांगातलं उदाहरण कुणी कसं दिलं नाही? जन्मतिथी आणि जन्मतारीख दर १९ वर्षांनी पुन्हा जवळजवळ एकत्र येतात. १९ सौर वर्षं म्हणजे सुमारे ६९३९.६ दिवस. २३५ चांद्र महिने म्हणजे सुमारे ६९३९.७ दिवस. फरक दोनेक तासांचा. १९ वर्षांचे साधे महिने २२८, वरचे ७ म्हणजे अधिक मास. म्हणून अधिक मासही १९ वर्षांनी फिरून तोच येताना दिसतो: २००४ ला अधिक श्रावण, २०२३ ला अधिक श्रावण. २००७ ला अधिक ज्येष्ठ, २०२६ ला पुन्हा अधिक ज्येष्ठ.

वय वर्षं १९, ३८, ५७ पूर्ण झालेल्यांनी घरात जुनं पंचांग असेल तर ताडून बघा. कधी एखाद्या तिथीचा फरक पडतो, कारण हा अगदी काटेकोर साधारण विभाज्य नाही, फार जवळचा आहे.

वारांचं चक्र मात्र वेगळं. लीप वर्ष दर ४ वर्षांनी, वार ७, त्यामुळे २८ वर्षांनी दिनदर्शिका तशीच्या तशी येते. १९९६ ची दिनदर्शिका २०२४ ला भिंतीवर लावली असती तरी वार-तारीख चुकली नसती. शतकाच्या वर्षांना लीपचा नियम बदलतो, तिथे ही साखळी तुटते. मग चक्र पूर्ण व्हायला ४०० वर्षं, म्हणजे १,४६,०९७ दिवस लागतात, आणि त्याला ७ ने पूर्ण भाग जातो.

दत्तूकाका पाचपाखाडी

वा रोहिणीबाई. साठ संवत्सरांचंही तसंच सांगतात. गुरूला राशिचक्राच्या फेरीला साधारण १२ वर्षं, शनीला साधारण ३०. दोघांचा लसावि ६०. गुरूच्या पाच फेऱ्या, शनीच्या दोन.

शेखर म

ठाण्याचा धागा आहे आणि गणितज्ञ कापरेकरांचं नाव नाही हे बरोबर नाही! द. रा. कापरेकर १९०५ साली डहाणूला जन्मले, तेव्हा डहाणू ठाणे जिल्ह्यातच होतं. त्यांचं माध्यमिक शिक्षण ठाण्यात झालं, पुढे देवळालीला शाळेत शिक्षक होते. ६१७४ या कापरेकर स्थिरांकामुळे जगात माहीत आहेत, पण या धाग्याला जवळची आहे ती त्यांची हर्षद संख्या. आपल्याच अंकांच्या बेरजेच्या पाढ्यात येणारी संख्या. १८ घ्या, १ अधिक ८ नऊ, आणि १८ नऊच्या पाढ्यात. ८४ घ्या, बेरीज १२, बारा सत्ते चौऱ्याऐंशी. १७२९ सुद्धा हर्षद आहे: बेरीज १९, आणि १९ गुणिले ९१ म्हणजे १७२९.

१ ते १०० मधल्या हर्षद शोधायला मुलांना बसवा. विभाज्य म्हणजे काय हे शंभरदा तपासून होतं आणि कंटाळा येत नाही. त्यांच्याच आणखी एका प्रकारच्या, डेम्लो संख्यांचं नाव तर आपल्या डोंबिवलीच्या स्टेशनवरून पडलंय.

तुर्भे सातवीस

डोंबिवलीचं माहीत नव्हतं! आता गाडीतल्या ग्रुपवर टाकतो.

सई सानपाडा

स्वयंपाकघरातलं एक घ्या. आमच्या बेकरीच्या लादीत ६ पाव असतात, चीज स्लाइसचं पाकीट आणलं ते १० चं. मुलाच्या वाढदिवसाला एकही पाव उरायला नको आणि एकही स्लाइस नको. त्यानेच हिशेब केला: ५ लाद्या, ३ पाकिटं, ३० सँडविच. पाहुणे १४ होते, प्रत्येकी दोन धरून २८, उरलेली दोन यजमानाने खाल्ली.

मला विचारायचं होतं की अपूर्णांकांच्या बेरजेत लसाविच हवा असतो का? मुलगा ६ आणि ८ छेद असले की सरळ ४८ घेतो. बाईंनी खोडलं.

उमाताई कोपरी

सई, खोडायला नको होतं. एक षष्ठांश अधिक तीन अष्टमांश. ४८ घेतला तर ८ अधिक १८, म्हणजे २६ छेद ४८, संक्षेप करून १३ छेद २४. २४ घेतला तर ४ अधिक ९, सरळ १३ छेद २४. उत्तर एकच. कुठलाही साधारण विभाज्य चालतो. सर्वांत लहान घेतला की आकडे लहान राहतात आणि बहुतेक वेळा शेवटचा संक्षेप वाचतो, एवढंच. पोराला दोन्ही करून बघू दे, मग तो आपणहून २४ कडे वळेल.

अपूर्णांकांसाठी लसावि घेण्याची ही रीत आपल्याकडे फार जुनी आहे. नवव्या शतकात, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, महावीराचार्यांनी गणितसारसंग्रहात ती दिली आहे. ते या संख्येला निरुद्ध म्हणतात.

आणि आणखी एक सावधगिरी, केदारच्या रीतीसाठी. दोन संख्यांचा गुणाकार भागिले मसावि म्हणजे लसावि, हे दोनच संख्यांना लागू. मुलं तीन संख्यांना लावतात. ४, ६, १० घ्या. गुणाकार २४०, मसावि २, भागून १२०. पण लसावि ६० आहे. तीन असतील तर आधी दोघांचा काढायचा, मग त्याचा आणि तिसऱ्याचा.

केदार कोपरखैरणे

हो, हे महत्त्वाचं. स्पर्धा परीक्षेच्या वर्गात दर बॅचला निम्मी मुलं इथे घसरतात. आणि खरं सांगायचं तर ती घसरतात, कारण त्यांनी सूत्र घेतलेलं असतं, त्यामागचं का ते पाहिलेलं नसतं. ४, ६, १० चे पाढे एकदा लिहिले असते तर ६० डोळ्यांसमोर आला असता. तेवढ्यापुरतं मानसीचं म्हणणं मला मान्य आहे.

मानसी नौपाडा

तक्ता झाला तिचा. शेवटच्या रकान्यात तिने स्वतःच्या शब्दांत लिहिलंय: "दोघांमध्ये जे सारखं आहे ते दोनदा घ्यायचं नाही." ६ मध्ये एक २, ८ मध्ये तीन २, तर तीनच घ्यायचे आणि सोबत ३. मग मी तिला तीच जुनी उभी मांडणी दाखवली आणि विचारलं, यात सारखं असलेलं कुठे एकदाच घेतलंय? डावीकडच्या उभ्या ओळीवर बोट ठेवलं तिने. आता मांडणी खुशाल करू दे.

दत्तूकाका पाचपाखाडी

शाब्बास! तिला बक्षीस म्हणून एक जुनं कोडं. टोपलीत अंडी आहेत. दोन-दोन काढली तर एक उरतं, तीन-तीन काढली तर एक, चार-चार, पाच-पाच, सहा-सहा काढली तरी एकच उरतं. सात-सात काढली तर एकही उरत नाही. कमीत कमी अंडी किती? कुणी मोठ्यांनी आधी सांगू नका.

निखिल ऐरोली

काका, मोठ्यांनाही येत नसेल तर?

मानसी नौपाडा

तिचं उत्तर ३०१. दोन ते सहा या सगळ्यांचा लसावि ६०, म्हणून ६० च्या पाढ्यात एक मिळवत गेली: ६१, १२१, १८१, २४१, ३०१. दरेकाला ७ ने भागून पाहिलं. ३०१ म्हणजे सात त्रेचाळीस. विचारतेय, पुढची टोपली केवढी?

तुर्भे सातवीस

७२१. आता ७ पण धरायचा, म्हणून ६० च्या जागी ४२० ची उडी. दर ४२० अंड्यांनी तेच.

उमाताई कोपरी

मग हे घे बाळा. दोन-दोन काढली तर एक उरतं, तीन-तीन काढली तर दोन, चार-चार काढली तर तीन, पाच-पाच काढली तर चार, सहा-सहा काढली तर पाच. सात-सात काढली तर काही नाही.

निखिल ऐरोली

हे माझ्या पाचवीतल्याने सोडवलं, मी नुसता शेजारी बसलो होतो! तो म्हणाला, "बाबा, सगळीकडे एकच अंडं कमी पडतंय." म्हणजे ६० च्या पाढ्यातून एक वजा. ५९ ला सातने भाग जात नाही, ११९ ला जातो. सात सतरे एकशे एकोणीस.